मैदान कुणाच्या शेतात?

एका तालुक्याच्या गावी ओढ्याच्या काठानं दोन शेतकऱ्यांच्या जमिनी बांधाला बांध लागून होत्या. एक नानांची, दुसरी तात्यांची. नाना पूर्णवेळ शेतकरी. तात्या शाळेत मास्तर, शेती वाट्यानं लावलेली, आणि पुढे गावानं त्यांना नगरपालिकेवरही निवडून दिलं. दोघांत बांधावरून कधी शब्दाला शब्द लागला नाही. एकाच्या विहिरीचं पाणी दुसऱ्याच्या उसाला गेलं तरी कुणी हिशोब मांडला नाही.

गाव वाढत होतं. एसटी स्टँड झालं, बाजार समिती झाली, साखर कारखान्यामुळे माणसं येऊन राहू लागली. महाराष्ट्राचा प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 साली झाला आणि 11 जानेवारी 1967 पासून लागू झाला होता. त्या कायद्यानं नगरपालिकेला विकास योजना करायची होती, म्हणजे पुढच्या काही दशकांत गावातली कुठली जमीन कशासाठी वापरायची ते नकाशावर ठरवायचं होतं. जिल्ह्याच्या नगर रचना कार्यालयातली माणसं आली, टेबलं-साखळ्या घेऊन फिरली आणि गेली. वर्षभरानं नगरपालिकेच्या सभागृहात प्रारूप नकाशा लागला. पिवळा रंग रहिवासाचा, निळा व्यापाराचा, जांभळा कारखान्यांचा, हिरवा शेतीचा आणि मोकळ्या जागांचा. राजपत्रात सूचना आली, वर्तमानपत्रातही आली, हरकती आणि सूचना मागवल्या गेल्या.

तात्यांनी सभेत एक गोष्ट कळकळीनं मांडली. गावातल्या पोरांना खेळायला जागा नाही. कबड्डीचा सराव बाजार समितीच्या आवारात, गाड्यांच्या मधून चालतो. शहराला एक चांगलं तीन एकरांचं मैदान पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या. नकाशावर मैदान आलंही. ओढ्याकाठची सपाट जमीन त्यासाठी योग्य होती, आणि ती नानांची होती. नानांच्या सहा एकरांपैकी तीन एकरांवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडलं. बांधापलीकडची तात्यांची जमीन पिवळ्या पट्ट्यात गेली.

नाना त्या दिवसांत ज्वारीच्या काढणीत होते. राजपत्र त्यांच्या घरी येत नव्हतं आणि वर्तमानपत्र ते बाजाराच्या दिवशी चहाच्या हॉटेलात पाहत. शेवटचा दिवस कधी गेला ते त्यांना कळलंही नाही.

कळलं ते दोन वर्षांनी. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी दहा गुंठे विकायला काढले. गिऱ्हाईक आलं, भाव ठरला, विसार द्यायचा दिवसही ठरला. मग गिऱ्हाईकानं नगरपालिकेतून झोन दाखला काढला आणि तो तसाच परत गेला. "नाना, तुमच्या जमिनीवर आरक्षण आहे. मला तिथं घर बांधू देणार नाहीत."

नाना तडक जिल्ह्याच्या कार्यालयात गेले. तिथं एक तरुण अनुरेखक होता. ट्रेसिंग क्लॉथवर शाईनं नकाशे उतरवण्याचं त्याचं काम. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणत. त्यानं नकाशा पसरला आणि नानांच्या तीन एकरांवर बोट ठेवलं.

"हे कुणी केलं?" नानांनी विचारलं.

"शहरानं केलं. हरकतीची मुदत होती, ती संपली. आता योजना मंजूर झाली."

"शहरानं म्हणजे? मी त्या शहरात धरतो की नाही?"

भाऊसाहेब गप्प राहिला. नानांचा आवाज खाली आला. "मैदान नको असं मी म्हणत नाही. माझीही पोरं आहेत. पण माझ्याच शेतात कशाला? दुसरीकडे करा."

"नाना," भाऊसाहेब म्हणाला, "मी बऱ्याच गावांचे नकाशे उतरवलेत. दुसरीकडे नावाचा सर्व्हे नंबर मला अजून कुठल्या गावात सापडलेला नाही. जी जागा दाखवाल ती कुणाची तरी असतेच." मग तो जरा थांबला. "पण सगळं ओझं तुमच्या एकट्याच्या शेतावर आलं हेही खरं. पूर्वी यात वेगळी रीत होती. कायद्यात ती अजूनही आहे, फक्त कुणी वापरत नाही."

ती रीत कोणती हे विचारण्याच्या मनःस्थितीत नाना नव्हते. ते उठून निघून गेले. मुलीचं लग्न सोसायटीचं कर्ज काढून झालं.

पुढची वर्षं विचित्र गेली. सात-बारा नानांच्या नावावर, पण जमीन नावापुरती त्यांची. विकायला जावं तर कुणी घेत नाही, बांधायला जावं तर परवानगी नाही. नगरपालिकेनं मैदान घ्यायचं ठरवलं होतं, पण पैसे कधीच ठेवले नाहीत. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या सभेत विषय निघे आणि पुढच्या वर्षावर जाई. नाना तिथं ज्वारी पेरत राहिले. काढणी झाली की संक्रांतीपासून पावसाळ्यापर्यंत गावातली पोरं त्या मोकळ्या रानात विटीदांडू, कबड्डी, क्रिकेट खेळत. नानांनी त्यांना कधी हुसकलं नाही. पोरांशी त्यांचं भांडण नव्हतंच.

पलीकडे तात्यांच्या पिवळ्या जमिनीला भाव चढत होता. रीतसर ले-आऊट करायचा तर रस्त्यांना जागा सोडायला हवी, दहा टक्के मोकळी जागा ठेवायला हवी, मोजणी, बिनशेती, मंजुरी हे सगळं करायला हवं. त्यात विकण्याजोगी जमीन कमी होते. म्हणून वाट्यानं शेती करणाऱ्यांच्या सल्ल्यानं आणि एका एजंटाच्या हातानं तात्यांनी गुंठे पाडून विकले. दोन गुंठे, एक गुंठा, अर्धा गुंठा. जाण्यायेण्याला आठ फुटांचे बोळ ठेवले. घेणारे गरीब होते, कारखान्याचे कामगार, हमाल, शिपाई. त्यांना गावात हक्काचं छप्पर मिळत होतं आणि तेवढ्यानं ते समाधानी होते. राज्यभर अशा वसाहती उभ्या राहिल्या, तेव्हा 2001 साली गुंठेवारी विकासाचा कायदा आला आणि 1 जानेवारी 2001 च्या आधीचे असे भूखंड शुल्क भरून नियमित करण्याची सोय झाली. पुढे 2021 साली ही मर्यादा 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढवली गेली. तात्यांच्या वाडीतल्या लोकांनी पैसे भरले, प्रमाणपत्रं घेतली. कागद नियमित झाले, बोळ मात्र आठ फुटांचेच राहिले.

इकडे नानांचा थोरला मुलगा दादा हाताशी आला. त्याला एका वकिलानं 1966 च्या कायद्यातलं कलम 127 समजावून सांगितलं. विकास योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालकानं नोटीस द्यावी. नोटीस दिल्यावर सहा महिन्यांत संपादन झालं नाही किंवा संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण आपोआप संपतं. दहाची पंधरा वर्षं उलटून गेली होती. दादानं नोटीस दिली.

नोटीस पोचल्यावर नगरपालिका खडबडून जागी झाली. घाईनं ठराव झाला, जिल्हाधिकाऱ्यांना भूसंपादनाचा प्रस्ताव गेला. पैसा मात्र तेव्हाही ठेवला गेला नाही. सहा महिने सरल्यावर नगरपालिका म्हणाली, "आम्ही पाऊल उचललंय, प्रस्ताव पाठवलाय." दादा उच्च न्यायालयात गेला. नुसता प्रस्ताव धाडणं हे पाऊल धरायचं की नाही, असाच वाद राज्यात ठिकठिकाणी चालू होता. 2007 साली गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कागद पुढे सरकवणं पुरेसं नाही, संपादनाची खरी कारवाई सुरू झालेली असली पाहिजे. त्या निकालाच्या आधारानं दादाही जिंकला. नानांच्या तीन एकरांवरचं आरक्षण उठलं.

घरात पेढे वाटले गेले, आणि वाटायलाच हवे होते. माणसाची जमीन तीस वर्षं अडकवून ठेवायची, ना घ्यायची ना सोडायची, हा अन्यायच होता. न्यायालयानं तो दूर केला.

मात्र त्या निकालाच्या दिवशी गावाचं मैदान कायमचं गेलं, हेही तितकंच खरं. दादानं जमीन विकली. तिथं चार इमारती उभ्या राहिल्या. संक्रांतीनंतर पोरं आली तेव्हा पत्र्याचं कुंपण होतं.

राज्यात असे निकाल वाढले तशा नगरपालिका आणि महापालिका सरकारकडे धावल्या. सहा महिन्यांत एवढं काम होत नाही, मुदत वाढवा. कायदा बदलला. 2009 साली सहा महिन्यांचे बारा झाले, 2015 साली बाराचे चोवीस झाले. तोवर भाऊसाहेब निवृत्त होऊन याच गावात राहायला आले होते. चोवीस महिन्यांची बातमी वाचून ते शेजाऱ्याला म्हणाले, "दहा वर्षं हातात असताना ज्यानं रुपया बाजूला ठेवला नाही, त्याला चोवीस महिने देऊन काय होणार? कमतरता वेळेची नव्हतीच."

त्याच सुमारास एका रात्री तात्यांच्या छातीत दुखू लागलं. जमीन विकून झाल्यावर त्यांनी घर त्याच वाडीच्या पोटात बांधलं होतं. फोन केल्याबरोबर रुग्णवाहिका आली, पण बोळाच्या तोंडाशी थांबली. आठ फुटांत जिने उतरले होते, ओटे पुढे आले होते, मोटारसायकली लागल्या होत्या. मुलगा अण्णा आणि शेजारच्या चौघांनी तात्यांना बाजेवर घालून, वळणं घेत, पन्नास घरं ओलांडून बाहेर आणलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. तात्या गेले.

नाना अंत्यविधीला गेले. परतताना त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. नकाशानं आपल्यावर सगळा भार टाकला आणि आपलं आयुष्य कज्ज्यात गेलं. तात्यांवर काहीच भार टाकला नाही, आणि त्यांना शेवटच्या घटकेला वाट मिळाली नाही.

पुढे गावाची हद्दवाढ झाली. ओढ्यापलीकडची रानं नगरपालिकेत आली, त्यांत नानांचे उरलेले तीन एकर होते आणि हायवेला लागून अण्णानं घेतलेली नवी जमीनही. विकास योजना वीस वर्षांतून एकदा तरी सुधारावी लागते. इथं ती वेळ केव्हाच टळून गेली होती. नवं प्रारूप लागलं. दादा पाहायला गेला आणि लाल होऊन घरी आला. नव्या नकाशात मैदान पुन्हा नानांच्याच तीन एकरांवर पडलं होतं.

"पुन्हा आपल्याच कपाळी! आता मुदत चुकवायची नाही." त्यानं त्याच रात्री हरकत लिहायला घेतली.

घरात दादाची मुलगी होती, नानांची नात. तिला पोलीस भरतीत उतरायचं होतं. मुलींना आठशे मीटर धावावं लागतं, आणि गावात आठशे मीटर सरळ धावायला एकच जागा होती, हायवे. पहाटे चार वाजता ती आणि तिच्या मैत्रिणी पांढऱ्या पट्टीच्या आतून धावत. उसाच्या ट्रॉल्या आणि दुधाचे टेम्पो अंगाला वारा देत जात. आई रोज उठून दारात उभी राहायची, ती परत येईपर्यंत.

दादानं हरकत वाचून दाखवली. सदर मैदानाचे आरक्षण आमच्या मिळकतीवरून रद्द करून ते दुसरीकडे दर्शवावे, अशी विनंती.

नाना ऐंशीच्या घरात होते. ते बाजेवर उठून बसले. "दुसरीकडे म्हणजे कुणाच्या रानात?"

दादा चकित झाला. "ते नगरपालिका बघेल. आपण एकदा भोगलंय ना?"

"भोगलंय म्हणूनच विचारतोय," नाना म्हणाले. "माझी जमीन घेतली म्हणून माझ्यावर अन्याय झाला नाही. घेऊही नाही, सोडूही नाही, आणि सगळी माझ्याच एकट्याची, हा अन्याय होता. तोच उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवून काय साधणार? ही पोरगी कुठं धावणार?"

नात म्हणाली, "मग काय करायचं, आजोबा? तीन एकर असेच देऊन टाकायचे?"

"तसंही नाही. भाऊसाहेब अजून आहेत ना गावात? त्यांनी मला तेव्हा एक रीत सांगायला घेतली होती. मी रागात ऐकली नाही. तू जाऊन विचार."

दुसऱ्या दिवशी नात भाऊसाहेबांकडे गेली. म्हाताऱ्यानं जुन्या कागदांची गुंडाळी उघडली आणि कायद्याची गोष्टच सांगितली.

"1896 साली मुंबईत प्लेग आला. दाटीच्या चाळींत माणसं मेली. मग 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला, त्यानं रस्ते कापले, वस्त्या पाडल्या. पण एकेकाची जमीन ताब्यात घेऊन शहर करणं महाग पडायचं आणि ज्याची जायची तो बोंबलायचा. म्हणून 1915 साली मुंबई नगररचना कायदा आला, देशातला असा पहिला. त्यात नगर रचना योजना होती. एका भागातल्या सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या. रस्ते, मैदानं, शाळा यांच्यासाठी प्रत्येकाच्या जमिनीतून थोडा हिस्सा काढायचा. उरलेली जमीन नीट चौकोनी करून, रस्त्याला लागून, ज्याची त्याला परत द्यायची. आधीचा तो मूळ भूखंड, नंतरचा अंतिम भूखंड. गेलेल्या जमिनीचा मोबदला आणि वाढलेल्या किमतीचं अंशदान यांचा हिशोब लवाद करणार. वांद्रे, खार, सांताक्रूझचे बरेचसे सरळ रस्ते आणि चौकोनी प्लॉट याच रीतीनं झालेत."

"मग ही रीत सोडली का?"

"1954 च्या कायद्यानं नगरपालिकांना सगळ्या शहराची विकास योजना करणं बंधनकारक केलं. तो 1957 पासून अंमलात आला. गरज होती त्याची, नुसती तुकड्या-तुकड्यांनी शहरं होत नाहीत. 1966 च्या कायद्यानं त्यापुढे जाऊन सगळ्या प्रदेशाचा विचार केला. तेही चांगलंच होतं. पण आरक्षणाचा शिक्का मारणं सोपं पडायला लागलं. नगर रचना योजनेत लवादाची चौकशी, अपिलं, वर्षानुवर्षं जायची. म्हणून आपल्याकडे ती मागे पडली. कलमं मात्र कायद्यात राहिली. गुजरात आपल्याच जुन्या मुंबई राज्यातून निघालेलं. त्यांनी 1976 च्या आपल्या कायद्यात ही रीत जपली आणि सुधारली. अहमदाबादचा 76 किलोमीटरचा रिंग रोड, भूकंपानंतरचं भूज शहर, यांत हीच रीत वापरली. आता आपल्याकडेही पुण्याच्या आणि नवी मुंबईच्या आसपास तिला पुन्हा हात घातलाय."

नात म्हणाली, "म्हणजे कायदा पुढे जाऊन मागे आला?"

"मागे नाही आला. कायद्यातला प्रत्येक बदल हे कुणाच्या तरी तक्रारीचं उत्तर असतं. प्लेगच्या तक्रारीला ट्रस्ट, जमीन जाणाऱ्याच्या तक्रारीला 1915, अडकलेल्या मालकाच्या तक्रारीला 127, नगरपालिकेच्या तक्रारीला चोवीस महिने. उत्तर देताना एकाच बाजूचं ऐकलं की पुढची तक्रार तिथंच जन्माला येते. म्हणून बदलाच्या वेळी सगळे हजर पाहिजेत. तुझ्या आजोबांच्या वेळी ते नव्हते. तू आहेस. हरकत लिही, पण नुसतं नको म्हणू नकोस. काय पाहिजे ते लिही."

नातीनं लिहिलं. मैदान हवंच आहे, ते एकाच्या जमिनीवर न टाकता ओढ्यापलीकडच्या सगळ्या खातेदारांची मिळून नगर रचना योजना करावी, आणि नगरपालिकेनं तिच्या खर्चासाठी दरवर्षी तरतूद करावी. ही एकटीची सूचना टिकणार नाही हे तिला समजत होतं. म्हणून नानांनी मारुतीच्या देवळात खातेदारांना बोलावलं.

चाळीसेक माणसं जमली. भाऊसाहेबांनी कागद पसरून हिशोब सांगितला. एक एकराचे चाळीस गुंठे. समजा सोळा गुंठे रस्त्यांना, मैदानाला, शाळा-दवाखान्याला गेले. चोवीस परत मिळतील, पण रस्त्याला लागून, मंजूर नकाशासह. सर्वांत आधी एक विधवा बाई उठली. तिचे वीस गुंठे पार मागे होते, दुसऱ्यांच्या बांधावरून जावं लागे, आणि दर पावसाळ्यात त्यावरून भांडणं होत. "मला वाट मिळत असेल तर माझी सही घ्या," ती म्हणाली. मागच्या रानांचे बरेच जण तिच्यामागे उठले.

हायवेला तोंड असलेले मात्र हलेनात. त्यांत अण्णा होता. "आमची जमीन रस्त्यावरच आहे. नकाशात पिवळी आहे. आमच्यावर आरक्षण नाही, काही नाही. आम्ही सोळा गुंठे का द्यायचे?"

प्रश्न रास्त होता. सगळे नानांकडे पाहू लागले.

नाना म्हणाले, "अण्णा, आपल्याकडे पेरणीला सावड असायची. आज माझ्या रानात चार घरचे बैल, उद्या तुझ्या रानात. ज्याची जमीन विहिरीजवळ, तोही यायचा आणि ज्याची माळावर, तोही यायचा. ज्याला आज गरज नाही त्यानं अंग काढलं असतं तर सावड मोडली असती. ही योजना तशीच आहे. हायवेचा तुझा भाव मागच्या चाळीस घरांमुळे टिकणार. त्यांना बोळ मिळाले तर सांडपाणी, गाड्या, भांडणं सगळं तुझ्या दारात येईल." ते थांबले. वाडीतला आठ फुटांचा बोळ त्यांच्या ओठांवर आला होता, पण तात्यांचं नाव त्यांनी काढलं नाही.

अण्णा बराच वेळ खाली बघत बसला. मग तो स्वतःच बोलला. "आमच्या वडलांनी या गावाला मैदान मागितलं, ते दुसऱ्याच्या रानात. आणि आपल्या रानात रस्ता सोडला नाही. त्या रात्री बाज उचलली तेव्हा मला कळलं, जो रस्ता आपण सोडत नाही तो आपल्यालाच मिळत नाही." त्यानं भाऊसाहेबांकडे पाहिलं. "माझ्या दोन अटी. एकही रस्ता असा नको की जिथं रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी वळणार नाही. आणि मैदान कुणा एकाच्या नावावर पडता कामा नये. एवढं लिहून घ्या, मी सही करतो."

त्या रात्री सगळ्यांनी सह्या केल्या असं नाही. तिघे-चौघे उठून गेले आणि नंतर त्यांतले दोघे परत आले. पण सुनावणीच्या दिवशी नियोजन समितीसमोर ओढ्यापलीकडचे खातेदार एकत्र उभे राहिले. एरवी प्रत्येक जण आपापला गट नंबर वाचवायला येतो. समितीला हे दृश्य नवीन होतं. योजना हाती घेण्याचा नगरपालिकेनं ठराव केला.

पुढचं काम सोपं नव्हतं. मोजणीत जुने बांध नकाशाशी जुळेनात. कुणाच्या हिश्शात आंब्याची झाडं गेली, कुणाचं कुलदैवत रस्त्यात आलं. देवाला जागा देऊन रस्ता दोन हात वळवावा लागला. ज्याची विहीर त्याचा अंतिम भूखंड विहिरीसकट, हे लवादानं मान्य केलं. विधवेला जुन्या वीस गुंठ्यांच्या जागी बारा मिळाले, पण रस्त्याला लागून. तिनं पुढच्या बाजूला दोन दुकानांचे गाळे काढायचं ठरवलं. नानांच्या जमिनीतून जेवढा हिस्सा गेला तेवढाच प्रमाणानं अण्णाच्या जमिनीतून गेला. मैदान तीन एकरांचंच झालं, चाळीस सात-बारांतून निघालेलं, आणि ताबा पावतीवर सही करायला नगरपालिकेचे अधिकारी स्वतः आले. दादानं पहिल्या दिवसापासून वार्षिक तरतुदीचा पाठपुरावा केला. ते काम त्याच्यापेक्षा चांगलं कुणी केलं नसतं, कारण तरतूद नसली की काय होतं ते त्यानं कोर्टाच्या पायऱ्यांवर शिकून घेतलं होतं. पुढच्या भरतीच्या तयारीला पंचक्रोशीतल्या मुली त्या मैदानावर धावू लागल्या. नानांची नात त्यांची वेळ घड्याळात धरत असे.

तात्पर्य: जमिनीचा कायदा बदलत राहणार, आणि बदललाच पाहिजे, कारण गावं बदलतात. त्या बदलाला घाबरू नये आणि त्याच्याकडे पाठही फिरवू नये. नकाशा भिंतीवर लागतो तेव्हा वाचावा, मुदतीत लिहावं, आणि नको ते सांगताना हवं तेही सांगावं. ज्या शासनाला कुणाची जमीन लोकांसाठी हवी आहे त्यानं ती वेळेत आणि मोबदला देऊन घ्यावी, नाहीतर सोडावी. आणि ज्या नागरिकाला रस्ता, शाळा, मैदान हवं आहे त्यानं ते शेजाऱ्याच्या बांधापलीकडे ढकलू नये. गावाची गरज एकाच्या माथी मारली की तिचा कज्जा होतो, आणि कुणीच उचलली नाही की तिचा आठ फुटांचा बोळ होतो. ती सगळ्यांनी आपापल्या जमिनीच्या मानानं वाटून घेतली तरच गाव राहण्याजोगं होतं.